प्री द लोझानच्या जुन्या चित्रफिती: उडी नको, उतरणं बघा

प्री द लोझान या बॅले स्पर्धेतली जुनी नृत्यं यूट्यूबवर फुकट बघायला मिळतात. मी बॅले शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांना या चित्रफिती आवर्जून बघायला लावते. स्वित्झर्लंडमधली ही स्पर्धा १९७३ साली सुरू झाली. तिच्यात भाग घेतात ती साधारण १५ ते १८ वयाची मुलं, त्यामुळे पुढे जगभर गाजलेले नर्तक इथे अजून घडताना दिसतात.

सुरुवात १९९० च्या कार्लोस अकोस्तापासून करा. क्यूबाचा हा मुलगा तेव्हा १६ वर्षांचा होता आणि सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्या उड्यांबद्दल सगळेच बोलतात. मी मात्र चित्रफीत थांबवून थांबवून बघते ते त्याचं उतरणं. आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि टाच टेकते न टेकते तोच गुडघा प्लिएमध्ये, म्हणजे बॅलेतल्या गुडघे वाकवण्याच्या क्रियेत, वाकलेला. पुढची उडी त्या वाकण्यातूनच निघते. वर्गात कितीही घसा कोरडा केला तरी मुलांना जे पटत नाही, ते इथे दोन मिनिटांत पटतं.

लगोलग १९८९ चा जपानी नर्तक तेत्सुया कुमाकावा लावा. बांधा लहानसर, गिरक्या झपाट्याच्या. तुलना करताना एक लक्षात असू द्या: त्या वर्षीची अंतिम फेरी टोकियोत झाली होती. एरवी स्पर्धा जिथे होते, त्या लोझान शहरातल्या बोलिए थिएटरचा रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला उतरता आहे. सपाट फरशीवर सराव केलेल्या मुलांचा तोल तिथे गिरकीत पुढे जातो, वजन किंचित मागे राखावं लागतं. लोझानच्या चित्रफितींत एखादी पिरूएट (एका पायावरची गिरकी) शेवटी डगमगली, तर आधी हा उतार आठवा आणि मग नावं ठेवा.

१९९४ ची रशियन नर्तकी डायना विश्नेवा तर चुकवूच नका. 'कोपेलिया' या बॅलेतली खट्याळ नायिका स्वानिल्डा आणि 'कार्मेन'ची नायिका कार्मेन, दोन्ही त्याच मुलीने केलेल्या. मान आणि खांदे कुठे बदलतात, तेवढंच बघत बसावं.

चित्र धूसर आहे, जुनी टेपच ती. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की पाय दिसत नाहीत, तेव्हा मी अक्षरशः चडफडते. तरीही वेग निम्मा करून, आवाज बंद ठेवून बघा. टाळ्या कानावर पडल्या की लक्ष उडीकडेच जातं.