बँक बुडायची भीती वाटतेय, मग पैसे ठेवायचे कुठे?

बँकिंग क्रायसिस येणार येणार असं कोणीतरी सारखं सांगतच असतं, आणि त्यावर अर्धे लोक "काही होत नाही हो" म्हणतात, अर्धे सगळं काढून घ्यायला निघतात. कधी येणार ते कोणालाच सांगता येत नाही, ते सोडा. पर्याय बघू.

आहे तिथेच, एकाच बँकेत ठेवायचे: रक्कम ठेव विम्याच्या (बँक बुडाली तर ठराविक रकमेपर्यंत पैसे परत मिळण्याची हमी) लिमिटच्या आत असेल तर खरंच काही करू नका. वर असेल तर मात्र सगळा मामला बेभरवशाचा. सायप्रसमध्ये २०१३ ला बँक ऑफ सायप्रसमधल्या १ लाख युरोच्या वरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे थेट शेअर्स करून टाकले, कोणाला विचारलं पण नाही. उलट २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा अमेरिकेत लिमिट २.५ लाख डॉलर असूनही सगळ्यांचे सगळे पैसे मिळाले. म्हणजे वरच्या पैशाचं काय ते त्या वेळचं सरकार ठरवणार. आणि "गडबड दिसली की काढू" असं म्हणत असाल तर त्याच बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, बहुतेक सगळं ऑनलाइन, तुमचा नंबर लागेपर्यंत बँक बंद.

दोन-तीन बँकांत वाटायचे: कंटाळवाणं आहे, पासवर्ड वाढतात, पण मला हेच पटतं. फक्त लिमिट साधारणपणे बँकेमागे असतं, ब्रँचमागे नाही, त्यामुळे एकाच बँकेच्या चार ब्रँचमध्ये ठेवून उपयोग शून्य.

सरकारी रोखे (म्हणजे सरकारला व्याजाने दिलेलं कर्ज): लिमिटच्या वर बरेच पैसे असतील तर चांगले, पण कमी मुदतीचेच घ्या. व्याजदर वाढले की लांब मुदतीच्या रोख्यांचा भाव पडतो, सिलिकॉन व्हॅली बँक त्यातच अडकली होती.

घरात कॅश: ग्रीसमध्ये २०१५ ला एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळायचे, तेव्हा थोडी कॅश हवीच. महिन्याभराच्या खर्चाएवढी, बास. त्याहून जास्त ठेवली तर चोरीची भीती, आणि महागाई खाते ती वेगळीच.

सोनं: १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेलं, तो भाव परत दिसायला २००८ उजाडलं. अडीअडचणीचा पैसा तिथे नको.

जॉइंट खात्याला विमा वेगळा मोजतात का हे मात्र देशागणिक बदलतं, पैसे हलवायच्या आधी तेवढं बघून घ्या.