वांद्र्याला दोन रात्री मौन: साडेतीन स्टार, मच्छरांमुळे अर्धा कापला

जूनमध्ये वांद्र्याच्या एका रिट्रीट हाऊसला शुक्रवार ते रविवार मौन-रिट्रीट केलं, म्हणजे गप्प राहून प्रार्थनेसाठी मुक्काम, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथल्या सिस्टर खरंच जीव लावणाऱ्या आहेत. मी बोरिवलीला राहते, चर्चगेटला नोकरी, दोन मुलं, माहेर वसईचं. रविवारची चर्चमधली मिस्सा चुकत नाही पण बाकी प्रार्थना म्हणाल तर झोपताना जपमाळ हातात घ्यायची आणि तिसऱ्या रहस्याला, म्हणजे अर्ध्या माळेतच, घोरायला लागायचं. फादर ध्यानप्रार्थनेवर बोलायला लागले की मला वाटायचं हे मठातल्या बायकांचं काम, आपण आपले डबे भरावेत.

जेवणखाण धरून २,५०० रुपये. मोबाइल टोपलीत टाकायचा, सक्ती नाही पण सगळे टाकतात मग आपल्यालाच लाज वाटते. खोली एकटीची, स्वच्छ, खाट टेबल क्रूस पंखा. पंखा एकवर नाहीतर पाचवर, मधले आकडे नुसते शोभेला. मच्छरदाणी नाही, ऐन पावसात. शनिवारी रात्री समोर कुठेतरी हळद होती, आम्ही चॅपलमध्ये आराधनेला गुडघ्यावर आणि बाहेर डीजे, त्यात हाऊसचा काही दोष नाही म्हणा, वांद्र्यात राहायचं तर राहायचं. जेवण साधं, शनिवारची बांगड्याची कढी फर्स्ट क्लास. फक्त बावीस माणसं गप्प बसून एकाच वेळी पापड खातात तेव्हा काय आवाज होतो तो एकदा ऐकाच, मला हसू आवरेना आणि समोरच्या काकांनाही.

मौनाने पहिल्या रात्री डोकं दुखलं. शांतता वगैरे काही नाही हो, सिलेंडर बुक केला का, धाकटीच्या फीचा हप्ता, सासूबाईंची बीपीची गोळी, सगळं एकदम लाऊडस्पीकरवर. सिस्टरांना हे सांगितलं तर म्हणाल्या, सगळ्यांचं असंच होतं, येऊ दे.

पद्धत संत इग्नेशियस लोयोलाची, ज्याने जेझुइट संघ काढला. हा माणूस आधी शिपाईगडी, १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या संतांची चरित्रं वाचून पार बदलला, आणि त्याने जी साधना टिपून ठेवली तिला १५४८ मध्ये पोपची मंजुरी मिळाली. पूर्ण केली तर ३० दिवसांची, आमची आपली चाखायपुरती. शुभवर्तमानातला प्रसंग घ्यायचा आणि डोळे मिटून त्यात जाऊन उभं राहायचं, कोण कुठे आहे, वास कसला, आवाज कसले. मला मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय दिला, रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारणारा भिकारी. यरीहोचा रस्ता काही डोळ्यासमोर येईना, आला तो बोरिवलीचा जिना, सकाळची गर्दी, आणि तिथे बसून ओरडणारा माणूस. लोक त्याला गप बस म्हणतात ना, तर ते म्हणणाऱ्यांत मीच होते, कानात इयरफोन, गाडी चुकेल म्हणून. तासभर तिथेच अडकले, येशूपर्यंत पोचलेच नाही. सिस्टर म्हणाल्या मग पुढच्या तासालाही तिथेच थांब. रोज अर्धा तास त्या एकेकाला भेटतात, तो अर्धा तास हीच खरी किंमत वसूल.

आता मोठी तक्रार. सगळं इंग्लिशमध्ये. प्रार्थनेचे कागद, प्रवचन, गाणी, सगळं. मुंबईत मराठीत प्रार्थना करणारे कॅथलिक कमी आहेत का? मराठी बायबल मागितलं तर कपाटातून एक निघालं, कसर लागलेलं. मला ऑफिसचं इंग्लिश येतं हो, पण देवाशी बोलताना मी मेल टाइप करतेय असं वाटतं.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. दिवसाला चार वेळा एकेक तास प्रार्थना, हे नोकरी-संसारवाल्यांसाठी ठेवलंय की नन्ससाठी? आणि निघताना कागद हातात, घरी रोज पहाटे एक तास. मी सिस्टरांना सरळ म्हटलं, पहाटे माझ्याकडे दूधवाला येतो. तेव्हा त्यांनी इग्नेशियसच्या त्या साधनेच्या पुस्तकातली एकोणिसावी सूचना काढली. ज्याला कामधंद्यामुळे महिनाभर बाजूला होता येत नाही त्याने घरीच राहून करावं, रोज दीड तास. दीड तास! घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मला दीड तास लागतो, आणि ही बिझी माणसासाठीची सवलत!

पण त्यातूनच त्या हाऊसची सगळ्यात चांगली गोष्ट कळली जी नोटीस बोर्डावर एका चिठ्ठीवर कोपऱ्यात लावलीय. घरी राहून करायची साधना, आठवड्याला अर्धा तास फोनवर मार्गदर्शन, फी नाही, जमेल ते दान. ह्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. दीड तासाचं घासाघीस करून सकाळी २० मिनिटं बायबलचं वचन आणि दुपारी-रात्री पाच-पाच मिनिटं दिवसाची उजळणी, एवढ्यावर आणलंय, आणि सिस्टर मराठीत बोलतात (मंगलोरी मराठी, पण मराठी). दुपारची उजळणी कशाला असं वाटायचं, आता कळतं, सकाळी शिपायावर खेकसले ते बारा वाजता आठवतं, रात्री विसरलेलं असतं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून करते. नऊ आठवडे झाले, आठवड्यातून दोन दिवस तरी बुडतातच, सकाळची २० मिनिटं बहुतेक वेळा कोरडीच जातात, बार्तीमय अजून सुटलेला नाही.

पहिल्यांदाच प्रार्थनेचं करणार असाल तर मी म्हणेन वीकेंड नंतर करा, आधी फोनवालं मागा. फोनवर बुकिंग होतं, मेलला उत्तर येत नाही. मराठी बायबल घरून न्या, ओडोमॉस न्या, आणि पंखा पाचवर झोपणार असाल तर जाड चादर.