‘मोटर जळाली’ सांगून पैसे उकळतात: फिशटँकचा फिल्टर बंद पडल्यावर होणारी फसवणूक

फिशटँकचा फिल्टर बंद पडतो. महिन्याला टाकी साफ करायला येणारा सर्व्हिसवाला प्लग काढून-लावून बघतो आणि सांगतो, ‘मोटर जळाली. वाइंडिंग भरून आणतो, नाहीतर नवीन घ्या.’ पंख्याची, मिक्सरची वाइंडिंग भरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून शंका येत नाही. दोन दिवसांनी तोच फिल्टर स्वच्छ होऊन परत येतो आणि चालतो. चालणारच, कारण जळालेलं काहीच नव्हतं.

पाण्यात बुडवायच्या फिल्टरची किंवा पॉवरहेडची (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाची) कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, इपॉक्सी हा घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ ओतून कायमची बंद केलेली असते. ती उघडून तार पुन्हा गुंडाळता येत नाही. त्यामुळे या मोटरच्या वाइंडिंगचे पैसे मागितले की समजा, माणूस खोटं बोलतोय. कॉइल खरंच गेली असेल तर फिल्टर नवाच घ्यावा लागतो. फिरणारा भाग एकच, तो म्हणजे चुंबक आणि पाती असलेला इंपेलर. तो हाताने निघतो आणि बऱ्याच मॉडेलांचा सुटा मिळतो.

पैसे देण्याआधी एवढं घरीच करा. प्लग काढून फिल्टर बाहेर घ्या, पुढचं झाकण काढा, इंपेलर ओढून काढा. खोबणीत शेवाळ, केस, वाळूचा खडा किंवा बारकी गोगलगाय अडकलेली असते. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार धरलेला असतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मग चुंबक धरून पाती फिरवा. बहुतेक फिल्टरांत ती थोडी मोकळी फिरून मग अडते. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, कारण त्यामुळेच मोटरला सुरू होताना पहिला झटका घेता येतो. तिथे चिकटा बसला की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. गुणगुणते म्हणजे कॉइल शाबूत आहे. इंपेलर ज्यावर फिरतो ती सिरॅमिकची दांडी तुटली असेल किंवा चुंबक गंजून फुगला असेल, तर तेवढाच भाग बदला.

आता फिल्टर बादलीतल्या पाण्यात बुडवा, मगच प्लग लावा, आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका. दुसऱ्या सॉकेटवरही आवाज नाही, थरथर नाही, तर मोटर गेली. इपॉक्सीला चीर दिसली किंवा वायर उघडी पडली असेल तर प्लग लावूच नका.

एवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान फक्त पैशांचं होतं. पण ‘नवीन घ्या’ म्हणताना फिल्टरमधला जुना स्पंज आणि सिरॅमिक रिंगाही (जिवाणूंना राहायला ठेवलेली सच्छिद्र कडी) ‘खराब झाल्या’ म्हणून फेकल्या जातात, आणि मासे मरतात ते इथे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू मुख्यतः त्याच स्पंजात आणि रिंगांत राहतात. नव्या फिल्टरमध्ये ते पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. काही दिवसांतच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, कल्ले लालसर होतात. मग तोच माणूस ‘रोग आलाय’ म्हणून निळं औषध विकतो. हे बहुधा मिथिलीन ब्लू असतं, आणि ते उरलेसुरले जिवाणूही मारतं. एका खोट्यावर तीन वेळा विक्री होते, आणि जीव मुक्या माशांचा जातो.

म्हणून फिल्टर बदलला तरी जुना स्पंज सोडू नका. फिल्टर बंद असेपर्यंत स्पंज आणि रिंगा टाकीतच, एअरस्टोनजवळ (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ) ठेवा. कोरडं पडू देऊ नका, नळाखाली धुऊ नका, टाकीतलंच पाणी काढून त्यात पिळा. नव्या फिल्टरमध्ये तेच घाला. मासे धापा टाकत असतील तर आधी अमोनिया तपासा. 25 ते 30 टक्के पाणी बदला, नव्या पाण्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) टाका, खाणं एक-दोन दिवस बंद ठेवा, हवा वाढवा.

एअरपंपाची हवा कमी झाली की हीच थाप मारली जाते. आत बहुतेक वेळा रबरी डायफ्राम (हवा ढकलणारा पडदा) फाटलेला असतो आणि तो स्वस्तात बदलता येतो. हीटर मात्र दुरुस्त करून घेऊ नका. काच तडकलेला हीटर एम-सील लावून परत दिला तर तो टाकीत घालणं म्हणजे पाण्यात करंट सोडणं आहे. गळक्या टाकीवर बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढून पैसे घेणारेही असतात. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. आतल्या सांध्यावरचं जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून, काच कोरडी करूनच नवं भरावं लागतं आणि निदान 48 तास सुकू द्यावं लागतं. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विषारी असतं, ट्यूबवरचं लेबल स्वतः वाचा.

‘वर्कशॉपला नेतो’ म्हटलं तर इंपेलरसकट फोटो काढून ठेवा आणि मोटरवर मार्करने खूण करा. चांगला इंपेलर काढून झिजलेला बसवला तर त्याशिवाय कळत नाही. बदललेला जुना भाग परत मागा. बिल मागा, त्यावर कोणता भाग बदलला ते लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.