नाशिकमध्ये ए.ए.ची मीटिंग निवडताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगांना काही महिने नियमित बसल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते: ग्रुपमधली माणसं कशी आहेत हे नंतर बघा, आधी मीटिंगची वेळ बघा. आपण ज्या तासाला प्यायला बसायचो, त्या तासाला असते ती मीटिंग आपली. रोज संध्याकाळी सातला पिणाऱ्याने फक्त रविवार सकाळची मीटिंग धरली, तर रविवार छान जातो आणि बाकीच्या सहा संध्याकाळी तशाच मोकळ्या पडतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये पाळीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. पाळी बदलली की वेळ बदलते, म्हणून एकाच ग्रुपवर भिस्त ठेवून चालत नाही. वेगवेगळ्या वारांचे, वेळांचे दोन-तीन ग्रुप हाताशी ठेवावेत. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री सुटतो तेव्हा बहुतेक मीटिंगा संपलेल्या असतात. त्याने कामावर जायच्या आधीची किंवा ऑनलाइन मीटिंग बघावी आणि गेटबाहेर पडल्यावर कोणाला फोन लावायचा हेही आधीच ठरवून ठेवावं.

वेळेनंतर रस्ता. सिडकोतून नाशिकरोडला संध्याकाळी निघालात तर द्वारका चौकात किती अडकाल याचा भरवसा नाही. उशीर झाला की सगळे बसलेले असताना आत शिरायची लाज वाटते, आणि नवा माणूस दारातून परत फिरतो. तो नेमका कुठे जातो हे सांगायला नको. म्हणून दहा मिनिटं आधी पोचता येईल असंच ठिकाण निवडा, आणि वाटेत आपली नेहमीची परमिट रूम लागत असेल तर लांबचा रस्ता घ्या. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून काहीजण मुद्दाम दूरचा ग्रुप शोधतात. सुरुवातीला हे समजण्यासारखं आहे. पण तिथे भेटणारा ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो.

मीटिंग ओपन आहे की क्लोज, हे जाण्याआधी फोनवर विचारा. ओपनला बायको, भाऊ, मित्र कोणीही बसू शकतं. क्लोजला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तो. हे न विचारता बायकोला सोबत नेलं की तिला बाहेर थांबावं लागतं आणि पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. बाईमाणसाने फोन करतानाच तिथे आणखी महिला येतात का हे विचारावं, आणि स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारी जुनी सदस्य, शक्यतो बाईच निवडावी. पुरुषांनी पुरुष.

पहिल्या मीटिंगवरून ग्रुपची पारख करू नका. त्या दिवशी कोणाच्या सोब्रायटीचा वाढदिवस, म्हणजे दारू सोडल्याचं वर्ष पूर्ण झालेलं, असेल तर सगळा वेळ त्याच्याच शेअरिंगला, म्हणजे अनुभव सांगण्याला, जातो. दुसऱ्या दिवशी ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी एखादी वाचून चर्चा असते. चार वेळा जा, मग ठरवा. चांगल्या ग्रुपमध्ये एकजण बोलताना बाकीचे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, आणि नवा माणूस नुसता ऐकत बसला तरी चालतं. फी नसते. शेवटी फिरणाऱ्या पिशवीत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकायचं, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याने ती पुढे द्यायची. कोणी उपचार विकत असेल, उसने पैसे मागत असेल किंवा एकाच बाबाची पूजा करायला लावत असेल, तर ग्रुप बदला. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ‘आम्हाला जसा समजला तसा’. न मानणाऱ्यालाही तिथे जागा आहे.

माझ्या मते खरं काम मीटिंग संपल्यावरच्या चहाला होतं. नंबर तिथे मिळतात, स्पॉन्सर तिथे सापडतो. संपताक्षणी गाडीला किक मारणारे लवकर गळतात. खुर्च्या मांडायचं काम मागून घ्या. आपण आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, इतकं तरी त्यातून साधतं.

श्रावण पाळणाऱ्यांना एक विनंती. महिनाभर थांबता येतं म्हणजे व्यसन नाही, असा हिशेब अनेकजण करतात. गटारीला किती प्यालो आणि श्रावण संपताच काय झालं, तेही त्या हिशेबात धरा. गटारी, रंगपंचमी आणि 31 डिसेंबरला मीटिंग चुकवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याने एकदम दारू बंद करून थेट मीटिंगला येऊ नये. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि 48 ते 96 तासांत भ्रम, भास, ताप, घाम असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. आधी त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. औषधं आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) डॉक्टर ठरवतील. ग्रुपमधला कोणीही ‘गोळ्या सोड’ म्हणाला तरी सोडू नका, तो विषय डॉक्टरांचा आहे. घरच्यांनी डायसल्फिरामची, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास होईल अशी, गोळी पिणाऱ्याला न सांगता भाजीत कालवू नये. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे सरकारी नंबर आहेत. मीटिंगची वेळ आणि जागा मात्र निघण्याआधी त्या ग्रुपच्या माणसाला फोन करूनच पक्की करा. शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल परीक्षा-सणांच्या दिवसांत मिळत नाही आणि जागा बदलते.