आठ महिने लिनक्स आणि बाहेरचा मॉनिटर : तीनदा गायब, तीन वेगळी कारणं

लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून शेजारी २७ इंची मॉनिटर मांडला, त्याला आठ महिने झाले. रोजचं काम त्याच्यावरच चालतं आणि एकंदरीत मी खूश आहे. पण या काळात मॉनिटर तीनदा गायब झाला.

पहिल्यांदा अगदी पहिल्याच दिवशी. टाइप-सी केबल लावली, मॉनिटरवरून लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, पडद्यावर मात्र 'नो सिग्नल'. डिस्प्ले सेटिंग्ज उचकण्यात अख्खी संध्याकाळ गेली. केबल फोनच्या चार्जरची होती! तसल्या केबलमध्ये बहुतेकदा चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात, चित्र जाणार कुठून? दुसरी केबल येईपर्यंत एचडीएमआय लावली आणि तीच पुढे चार महिने राहिली.

दुसरी वेळ खरी डोकेदुखीची. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि एचडीएमआय मेलं. केबल बदलली, दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली, तिथे ठणठणीत. शेवटी टर्मिनलमध्ये 'सिस' खालच्या 'क्लास'मधलं 'डीआरएम' फोल्डर उघडलं. तिथे प्रत्येक पोर्टच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात 'स्टेटस' नावाची फाइल. माझ्याकडे त्या यादीत लॅपटॉपचा स्वतःचा पडदा होता, एचडीएमआय पोर्टचं नावच नव्हतं. हे आधी पाहिलं असतं तर केबलच्या नादी लागलोच नसतो. पोर्टच यादीत नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बघा. पोर्ट आहे पण 'डिसकनेक्टेड' म्हणतंय, तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. 'कनेक्टेड' असूनही चित्र नाही, तर मग खुशाल सेटिंग्ज उचका.

माझ्या लॅपटॉपला दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि एचडीएमआय त्यातल्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं आहे. नव्या कर्नलसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर तयार झाला होता, पण सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असल्याने कर्नल तो आत घेईना. 'मॉडप्रोब' या कमांडने हाताने चढवायला गेलो तर उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. ड्रायव्हरवर सही करायची किल्ली एकदा नोंदवावी लागते. ती नोंदवायला रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीतरी कळ दाबावी लागते. पहिल्या खेपेला मी तेवढ्यात पाणी प्यायला उठलो होतो, त्यामुळे सगळं पहिल्यापासून.

तिसरी वेळ किरकोळ, पण चीड आणणारी. चांगली टाइप-सी केबल घेतली तसा मॉनिटर झोपेतून उठेनासा झाला. लॅपटॉप जागा व्हायचा, स्टेटस 'डिसकनेक्टेड'. मॉनिटरचं बटण बंद-चालू केलं की लगेच 'कनेक्टेड'. दोष लिनक्सचा नव्हताच. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' चालू होतं आणि त्या अवस्थेत तो 'मी जोडलेला आहे' हा इशाराच द्यायचा बंद करत होता. ते बंद केलं. आता स्टँडबायमध्ये थोडी जास्त वीज जात असेल, जाऊ दे.

त्यानंतर दोन कर्नल अपडेट झाली. दोन्ही वेळा रीस्टार्ट करताना जुनी एचडीएमआय केबलही लावून ठेवली होती, तशी गरज पडली नाही.