वेळासमधला घरगुती मुक्काम: माजघर, फणस आणि कासवांची पिल्ले

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी आम्ही मार्च महिन्यात दोन रात्री एका कुटुंबाच्या घरी राहिलो. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याला फेरीबोट धरावी. सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरले की बाणकोटमार्गे गाव फार दूर नाही.

येथील निवासव्यवस्थेचे मूळ कासवांत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी आपलीच घरे त्यांच्यासाठी उघडली. त्यामुळे येथे मिळते ती खोली नव्हे, तर नांदत्या घरातली जागा असते, हे ध्यानात ठेवूनच जावे. आमच्या गाद्या माजघरात घातल्या होत्या आणि पहाटे चहाचे आधण चढले की आपोआप जाग येत असे.

जेवण पूर्ण शाकाहारी होते आणि त्यात कोठेही हात आखडता घेतलेला नव्हता. सकाळी तांदळाचे घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस, दुपारी कुळथाचे पिठले, भात, कोवळ्या फणसाची भाजी आणि सोलकढी. तो फणस काकूंनी आमच्यासमोरच, हातांना आणि विळीला खोबरेल तेल लावून चिरला; चिरता चिरता पोफळीच्या वाडीला पाणी कधी लावायचे, मुंबईची मुले गणपतीला किती दिवस राहतात, उरलेले वर्ष घर कसे शांत असते, हे सारे सांगितले. ते ऐकताना मला फार जवळून जाणवले की हंगामातील हे पाहुणे म्हणजे या घराला मिळणारा केवळ पैसा नव्हे, सोबतही आहे.

एक तक्रार मात्र नोंदवणे आवश्यक वाटते. दूरध्वनीवर आम्हाला स्वतंत्र खोली सांगितली होती, पण प्रत्यक्षात अकरा पाहुण्यांत एकच स्नानगृह होते आणि बरोबरच्या वृद्ध आईला सकाळी बराच वेळ तिष्ठावे लागले. घरच्यांनी ती चूक लगेच मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वतःच्या वापरातील न्हाणी दिली. तरीही आरक्षण करताना पाहुण्यांची संख्या आणि स्नानगृहाची सोय स्पष्ट विचारून घ्यावी.

पिल्ले सोडण्याची वेळ साधारणपणे सकाळी सात आणि संध्याकाळी सहा अशी असते. पहिल्या सकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या, तर खाली नुसती वाळू होती. संध्याकाळी मात्र तळहातावर मावतील अशी काळसर पिल्ले ओल्या वाळूवर ठेवण्यात आली; लाट अंगावर येऊन त्यांना मागे लोटत होती आणि ती पुन्हा पाण्याकडेच वळत होती. दोरीच्या अलीकडे उभे राहण्याचा आणि फ्लॅश न वापरण्याचा नियम आहे. स्वयंसेवक तो कडकपणे पाळून घेतात, आणि ते योग्यच आहे.

वातानुकूलित खोली आणि मासळीचे ताट हवे असणाऱ्यांनी दुसरे गाव निवडावे. इतरांनी किमान दोन रात्रींचा मुक्काम ठरवावा, म्हणजे एखाद्या वेळी टोपली रिकामी निघाली तरी पुढची वेळ हाताशी राहील.