खारपाणपट्ट्यातल्या गावात कापडी डायपर : सव्वा वर्षाच्या वापरानंतर

कापडी डायपरबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात नळाला चोवीस तास पाणी, ऑटोमॅटिक मशीन आणि गॅलरीतलं ऊन धरूनच चाललेलं असतं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारं. साबण घासून हात दुखतात तरी फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो. गोडं पाणी शहानूर धरणावरून नळाला येतं. ते पिण्याला, सैपाकाला आणि लेकराच्या आंघोळीला. अशा घरात पोरगी श्रावणात जन्मली, आता सव्वा वर्षाची झाली. तेवढ्या काळात जुन्या लुगड्याचे लंगोट, कापडी पॉकेट डायपर आणि किराणा दुकानातले फेकायचे डायपर, तिन्ही वापरून झाले. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे मला सगळ्या जणी विचारतात. माझ्या लेखी तो तिसरा प्रश्न आहे. धुवायचं पाणी कोणतं हा पहिला, आणि बाळ कोणत्या महिन्यात येणार हा दुसरा.

पहिले दोन-अडीच महिने लंगोटच. ‘एकच माप, अडीच वर्षांपर्यंत’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं, तरी पावणेतीन किलोच्या लेकराला तो डायपर बसत नाही. सगळी बटणं आवळली तरी मांडीपाशी फट राहते आणि सगळं तिथूनच बाहेर येतं. माझ्या आईनं सातव्या महिन्यातच तिच्या सुती लुगड्यांचे लंगोट आणि दुपटी शिवून ठेवली होती. वर्षानुवर्षं धुतलं गेलेलं ते कापड जितकं मऊ असतं, तितकं नवं कुठेच मिळत नाही. फक्त पेटीत डांबर गोळ्या घातलेल्या असतील, तर त्यातलं कापड बाळाला वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एंझाइम कमी असतं. डांबर गोळीतल्या नॅप्थलीननं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक वाढते. आपलं बाळ त्यांतलं आहे की नाही, हे आपल्याला आधी ठाऊक नसतं.

लंगोटाचा आणखी एक फायदा बाळंतिणीला हवा असतो. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांचा पहिला प्रश्न दूध पुरतं का, आणि त्याचं उत्तर शूवरून द्यायचं असतं. पहिला आठवडा सरला की दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू झाली, म्हणजे पोट भरतंय. लंगोट दर वेळी ओला होतो, त्यामुळे हिशेब राहतो. फेकायच्या डायपरमध्ये तीन वेळची शू एकातच जिरते, मोजणार काय?

बाळ साडेचार-पाच किलोंचं झालं की पॉकेट डायपर नीट बसायला लागतात. ज्यांनी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून पीयूएलचं कव्हर असतं, म्हणजे पॉलिएस्टर कापड आणि त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर. अंगाकडून मऊ कोरडं अस्तर. दोघांच्या मधे खिसा, आणि त्या खिशात शू शोषणारी घडी, तिला इन्सर्ट म्हणतात. सगळी करामत या इन्सर्टची. मायक्रोफायबरचा स्वस्त असतो, झटकन शोषतो, लवकर वाळतो. पण बाळ त्यावर बसलं, दाब पडला की शोषलेलं परत बाहेर सोडतो. तो थेट कातडीला लावायचा नाही, कातडीतला ओलावाही ओढून घेतो. बांबूचा पुष्कळ पितो पण वाळता वाळत नाही. सुती मधला. नव्या सुती इन्सर्टमध्ये कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो, म्हणून चार-पाच धुण्यांआधी तो पाणी नीट पीत नाही आणि लोक ‘गळतो’ म्हणून ठेवून देतात. आमच्याच भागातला कापूस जिनिंगला जातो आणि ‘ऑरगॅनिक कॉटन’ होऊन पाकिटातून परत येतो, तेव्हा एका इन्सर्टचे दीडशे रुपये होतात. असो.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात धुवायला लागल्यावर महिन्याभरातच इन्सर्ट पापडासारखे कडक झाले. सकाळी डायपर काढला की डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास. आधी वाटलं साबण कमी पडतो, म्हणून वाढवला; वास आणखी वाढला. कारण साधं आहे. बोअरच्या अशा जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबण मिळाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यांमध्ये बसतो. मग कापड शू शोषत नाही, आत अडकलेली शू निघत नाही, आणि जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. मायक्रोफायबरचे धागे बारीक, त्यामुळे आमच्याकडे तो सगळ्यात आधी बाद झाला. साधे लंगोट मात्र त्याच पाण्यात टिकले, कारण एकपदरी कापडातून सगळं निघून जातं.

शेवटी जमलेली रीत अशी. शी झटकून, रात्रभराचे डायपर आधी साध्या पाण्यातून काढायचे. या पहिल्या पाण्याला बोअरचं चालतं. मग कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून त्यातच पावडर टाकायची. सोड्यानं पाण्याचा जडपणा खाली बसतो आणि पावडर निम्मी लागते. साबणाची वडी बंद. कंफर्टसारखं सुवासिक द्रव्यही बंद, त्याचा लेप धाग्यावर बसतो. शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात. आमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, त्याचा ड्रायर इन्सर्टसाठी फार उपयोगी. कव्हर मात्र त्यात घालू नये. एवढ्यानं वास गेला. पण रोज दीड-दोन बादल्या गोडं पाणी यात जातं, हे घरात आधी बोलून घ्या. आमच्याकडे त्यावरून कुरबूर झाली.

आणि इथेच महिन्याचा प्रश्न येतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम लावला की वाट्टेल तेवढं मऊ पाणी मिळतं, पण ऊन नाही. इन्सर्ट दोन-दोन दिवस दमट राहतात, लाईट गेली की पंखाही नाही. वैशाखात कडक ऊन, पंचेचाळीस अंशांत इन्सर्ट तासाभरात खडखडीत, शीचे पिवळे डाग उन्हानंच उडतात. पण तेव्हा शेवटच्या गोड्या पाण्याखेरीज सगळं पाणी खारं. म्हणून बाळाचे डायपर घालायचे दिवस पावसाळ्यात आले तर इन्सर्ट जास्त लागतात, उन्हाळ्यात आले तर कमी भागतं. पावसाळ्यात मला सगळ्यात कामी आले ते लंगोट. ते पंख्याखाली वाळतात आणि थोडे दमट राहिले तर इस्त्री फिरवता येते. पीयूएलच्या कव्हरला इस्त्री लावायची नाही आणि भर उन्हातही टाकायचं नाही. आतला थर सोलून निघतो, इलॅस्टिक मरतं. कव्हर ओसरीत, इन्सर्ट अंगणात. उन्हाळ्यात दिवसा कव्हर घालूच नका. कूलर चालू असला तरी आत घाम धरतो आणि घामोळ्या येतात.

सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून तेच होतं : “लेकराच्या ढुंगणाले हवा लागू देत जा वो बाई.” यावर माझा काही वाद नाही, दुपारी पोरगी दुपट्यावर उघडीच असते. “येवढं जाड बांधून पाय फेंगडे होतात नं,” हे मात्र मी मानलं नाही. मांड्या फाकलेल्या राहणं बाळाच्या खुब्याला त्रासाचं नसतं. उलट पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं वाईट. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग ठीक हाय.” आता कव्हरची बटणं माझ्यापेक्षा त्याच लवकर लावतात.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट कुठे लिहिलेली दिसली नाही. फवारणीचे कपडे आणि बाळाचे कपडे एका मशीनमध्ये, एका बादलीत, एका दोरीवर कधीच नको. कपाशीवरची औषधं कातडीतून अंगात जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरता येत नाही. आमच्याकडे यांचे फवारणीचे कपडे वावरातल्या टाक्यावरच धुतले जातात, घरात येत नाहीत. घराला लागून वावर असेल, तर शेजारी फवारा सुरू झाला की दोरीवरचं सगळं आत घ्या.

पुरळाबद्दल थोडक्यात. दर दोन-तीन तासांनी बदललं तर कापडी डायपरनं आमच्याकडे क्वचितच लाली आली. मांडीच्या घड्यांत लालभडक आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ती बुरशी असू शकते. घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा. पावडर नको, श्वासातून आत जाते. मलम लावलंच तर वर जुन्या लुगड्याची पट्टी ठेवा, नाहीतर मलमाचा तेलकटपणा अस्तरावर बसून डायपर गळायला लागतो. पोरगी वरणभात खायला लागल्यापासूनही ही पट्टी सोयीची झाली. शी पट्टीसकट उचलता येते.

फेकायचे डायपर मी पूर्ण सोडले नाहीत. एसटीनं अमरावतीला जायचं असेल, लग्नकार्य असेल, तर तोच. गावात सुटा दहा-बारा रुपयांना मिळतो. पण त्याची खरी अडचण पैशाची नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. आमच्याकडे घंटागाडीच नाही, द्यायचा कुणाला? तो उकिरड्यावर जातो. उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत वावरात पडतं, पहिल्या पावसात आतलं जेल फुगतं, आणि डवरणीच्या, म्हणजे पिकातल्या कोळपणीच्या वेळी प्लॅस्टिकच्या चिंध्या डवऱ्याला अडकतात. यांनी डवऱ्याचं पातं दाखवलं, तेव्हापासून घरी फेकायचा डायपर येणं जवळजवळ थांबलं.

पैशांचं बोलायचं तर मी आठ पॉकेट डायपर घेतले. त्यांतले सहा चारशेच्या आसपासचे, दोन स्वस्तातले दोनशेचे. स्वस्तातल्या दोन्हींचा आतला थर उन्हाळ्याआधीच सुटला. चारशेवाल्यांपैकी एकाचं बटण निघालं, बाकी चालू आहेत. दिवसाला चार फेकायचे डायपर धरले, तर तीन महिन्यांत सगळा खर्च निघतो. रात्री दोन सुती इन्सर्ट एकावर एक घालते; सात-आठ तास निघतात, त्यापुढे गळतं. चोवीस तास कापडीच वापरायचे असतील तर आठ पुरत नाहीत, पण लंगोट जोडीला असतील तर पुष्कळ.

माझी जाऊबाई चैत्रात बाळंत होणार आहे. तिला सांगितलंय, आत्ता काही विकत घेऊ नको. उन्हाळाभर लंगोट, आणि बाळ पाच किलोंचं होईल तेव्हा पावसाळा तोंडावर असेल, तेव्हा सहा कव्हर आणि दुप्पट सुती इन्सर्ट. मायक्रोफायबर नकोच. इन्सर्ट माझे देईन, ते आता कुठे मऊ झालेत. कव्हर तिनं नवेच घ्यावेत. माझ्या कव्हरांचं मांडीचं इलॅस्टिक सैल पडलंय.